मजकूर आणि रंग : उत्रेश्वर पेंटर

मिस्त्री म्हणाले, तुझं अक्षर चांगलं, तूच लिही.
तीन बाय चारचा पत्रा, पिवळी जमीन, काळं अक्षर.
मंठा चौफुलीवर वळणाऱ्या ट्रकवाल्यालाही
वाचता आलं पाहिजे.

विकणे आहे.
आर्मस्ट्राँग सिडली, सफायर, सन चोपन्न.
(एका ओळीत मावेना, सिडली खाली उतरवली.)
सहा सिलेंडर, चार दरवाजे, बॉनेटवर सिंहीण.
तिला स्फिंक्स म्हणतात हे मागाहून कळलं.
आमच्या गल्लीत ती सिंहीणच.

आधी खोट लिख, मिस्त्री म्हणाले,
गुण तो गिऱ्हाईक खुद देख लेता.
मग लिहिलं :
घड्याळ बंद. पावणेचार.
डॅशबोर्ड अक्रोडाचा नाही, किनवटच्या सागाचा.
लिटरला पाच, उतार लागला तर सहा.
सिंहिणीचं नाक आम्ही ओतलेलं,
जरा आपल्याकडचं झालंय.

पत्र्यावर जागा नव्हती म्हणून हे राहिलं :
परभणीच्या कुण्या जिनिंगवाल्याची ती.
मग तिच्यात कोंबड्या खुडूक बसल्या,
मग कडब्याच्या पेंढ्या,
आणि एका मार्चात रोलिंग मिलच्या आवारात
क्रेनच्या चुंबकाला ती लटकलेली,
भट्टीपासून वीस पावलं,
तेव्हा एक जुनं बेअरिंग धुंडायला गेलेले
मुनीरुद्दीन मिस्त्री खालून ओरडले, रुको.
भंगाराच्या भावानं सोळाशे किलो.
पावती अजून आहे.

त्याला सात वर्षं झाली.
शमीमआपा म्हणायच्या, सवत आणली असती
तर निदान भाकरी तरी थापली असती तिनं.

हिचा गिअर निराळा.
स्टिअरिंगपाशी दांडी, काडेपेटीएवढी.
कुठला हवा ते आधी ठरवून ठेवायचं.
काहीच होत नाही. गाडी आपली चालत राहते.
मग केव्हातरी पाय दाबून सोडला
की तेव्हाचं ठरवलेलं
आत्ता होतं.

कुलथे आले नाशिकहून. धंद्यानं सराफ.
खिशातून रुमाल, रुमालातून चुंबक, नाण्याएवढा.
सोनं कसाला लावावं तसे फिरत गेले,
बॉनेट, छप्पर, डिकी.
टक्. चिकटला. टक्. चिकटला.
मागच्या डाव्या मडगार्डवर बोट काढलं
आणि तो घरंगळून त्यांच्या चपलेवर पडला.

पुटी.
कुलथ्यांनी मान वर करून पत्रा वाचला,
शेवटच्या ओळीपर्यंत.
हे नाही लिहिलेलं, म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, रह गया होएंगा.
मेरेच हात से लगी.

त्यांच्या हातून नव्हती लागली.
मागल्या पोळ्याला ते नमाजाला गेलेले,
मी नुसता आत बसलो. नुसती दांडी हलवून पाहिली.
मग चालू केली,
पुढे जाईल म्हणून पाय दाबून सोडला.
ठरवून ठेवलेलं मागचं होतं.
गेटचा लोखंडी खांब.

सकाळी त्यांनी बघितलं. विचारलं नाही.
पुटी कालवली, घासली, परत कालवली,
आणि रंगासाठी हात पुढे केला,
माझ्याकडे न बघता.

कुलथ्यांनी साठ हजार कमी केले.
मिस्त्रींनी मान हलवली.
मी डबे पुसत होतो, पुसलेलेच.

उद्या ट्रेलर येणार.
रात्री शिडी लावली.
जागा नव्हतीच म्हणालो, पण माझ्या नावाखाली
चार बोटं होती, पहिल्यापासून.
बारीक ब्रशनं लिहिलं :
मागचा डावा मडगार्ड, पेंटरकडून.

गाडी तर विकली. आता वाचणार कोण.
खाली शिडी गच्च धरून मिस्त्री उभे.
कधी आले कळलं नाही.
बराच वेळ वर बघत राहिले, मग म्हणाले,
लाइन टेढी जा रही, उत्रेश्वर.